धन्याचेही इमान

एखादा कार्यकर्ता नेत्याच्या पायांवर डोके ठेवताना छायाचित्रात दिसला, की दुसऱ्या दिवशीच्या स्फुटात ‘सरंजामी निष्ठा’ हे शब्द ठरलेले असतात. त्यांच्यामागचे गृहीतकही ठरलेले आहे. सरंजामशाहीत वर धनी, खाली मांडलिक. धन्याने हुकूम सोडावा, मांडलिकाने मान तुकवावी. धनी चुकला तरी मांडलिकाने ब्र काढू नये. शाळेच्या पुस्तकातला त्रिकोण हीच समजूत पक्की करतो. त्याच्या टोकावर राजा, मध्ये उमराव आणि सरदार, तळाशी शेतकरी, आणि आज्ञा वरून खाली घरंगळत येतात.

ज्या युरोपाचे हे चित्र म्हणून सांगितले जाते, तिथे ते बसत नाही. तिथल्या मांडलिकाचे धन्याशी असलेले नाते अटींवर उभे होते आणि अटी दोघांनाही लागू होत्या. धन्याने अट मोडली तर मांडलिक नाते तोडू शकत असे, आणि तोडताना बेइमानीचा ठपका तो धन्यावर ठेवत असे. हे नाते न्याय्य होते असे मात्र मी म्हणणार नाही. त्याची किंमत कोणी मोजली, तेही सांगावे लागेल.

मांडलिक होण्याचा विधी आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे, आणि त्याचे श्रेय ब्रुज शहरातल्या गाल्बर्ट नावाच्या एका लेखनिकाला जाते. 2 मार्च 1127 रोजी फ्लँडर्सचा काउंट चार्ल्स चर्चमध्ये प्रार्थना करत असताना मारला गेला. त्यानंतरचा गोंधळ गाल्बर्टने घडेल तसा टिपून ठेवला. फ्रान्सच्या राजाने विल्यम क्लिटो या तरुणाला नवा काउंट म्हणून पुढे केले. एप्रिलमध्ये सरदार एकेक करून त्याच्यापुढे आले. काउंटने विचारले, तू पूर्णपणे माझा माणूस व्हायला तयार आहेस का? सरदार म्हणाला, तयार आहे. त्याने जोडलेले हात काउंटच्या दोन्ही हातांत दिले आणि दोघांनी एकमेकांचे चुंबन घेतले. मग इमानाचे वचन, मग संतांच्या अस्थींवर हात ठेवून शपथ. शेवटी काउंटने हातातल्या छडीने ज्याची त्याची जहागीर त्याच्या स्वाधीन केली.

जोडलेले हात दुसऱ्याच्या मुठीत देणे ही शरणागती नाही तर काय, असे कोणी विचारील. शरणागती आहेच. पुष्कळ ठिकाणी मांडलिक गुडघेही टेकत असे. पण या विधीची सुरुवात प्रश्नाने होते, हे नजरेआड करता येत नाही. भूदासाला असे काही कोणी विचारत नसे. तो जन्मतःच भूदास. इथे उत्तर हवे होते, तेही चारचौघांसमक्ष. त्यानंतरच्या चुंबनात वरचा आणि खालचा यांच्यातले अंतर क्षणभर पुसले जाई. शिवाय सरदारांच्या या शपथेच्या आदल्या दिवशी ब्रुजच्या नागरिकांपुढे स्वतः काउंटने आणि फ्रान्सच्या राजाने शपथ घेतली होती. शहराचा जकातीचा आणि घरजागेच्या भाड्याचा बोजा माफ करण्याची ती शपथ होती. आधी वरच्याची शपथ, मग खालच्यांची. या क्रमाकडे पुन्हा वळावे लागेल, कारण पुढचा सगळा तंटा त्यातूनच उभा राहिला.

ही अटींची भाषा गाल्बर्टच्या काळात नवी नव्हती. 9 व्या शतकाच्या आरंभीच्या, शार्लमेनच्या अमदानीतल्या फर्मानांत मांडलिक धन्याला केव्हा सोडू शकतो त्याची कारणे दिली आहेत. धन्याने त्याला गुलाम करू पाहिले, त्याच्या जिवावर उठला, त्याच्या बायकोशी व्यभिचार केला, तलवार उपसून अंगावर आला, किंवा शक्य असूनही त्याचे रक्षण केले नाही, तर मांडलिक मोकळा. ही कारणे टोकाची आहेत हे खरे. सहज उठून धनी बदलावा अशी सवलत त्यांत नाही. उलट लोकांनी धनी सोडू नयेत म्हणूनच ती मर्यादा घातलेली दिसते. पण मर्यादा घालताना धन्याच्या अपराधांची यादी करावी लागली. ज्याच्यापाशी केवळ हक्कच आहेत, त्याच्या अपराधांची यादी कोण करील?

1020 च्या सुमारास अक्विटेनचा ड्यूक पाचवा विल्यम याने शार्त्रचा बिशप फुल्बेर याला विचारले, की इमानाची शपथ घेणाऱ्याने नेमके काय काय पाळायचे. फुल्बेरने पत्रातून उत्तर पाठवले आणि ते पुढे शतकानुशतके धर्मशास्त्राच्या आणि कायद्याच्या ग्रंथांत उतरवले गेले. धन्याच्या शरीराला अपाय करू नये, त्याची गुपिते आणि किल्ले शत्रूला देऊ नयेत, त्याच्या मानाला आणि न्यायाधिकाराला धक्का लावू नये, मालमत्तेचे नुकसान करू नये, त्याला सोपे असलेले अवघड करू नये आणि शक्य असलेले अशक्य करू नये. फुल्बेर इथे थांबत नाही. वाईट टाळले म्हणून जहागिरीला पात्र ठरलो असे नाही, सल्ला आणि साहाय्यही द्यायला हवे, असे तो बजावतो. आणि शेवटी हे सगळे धन्याने आपल्या माणसाच्या बाबतीतही पाळायचे आहे, न पाळल्यास तोही बेइमान, असे स्वच्छ लिहून टाकतो. विचारले होते मांडलिकाच्या कर्तव्याबद्दल. ड्यूकला हे शेपूट आवडले असेल असे वाटत नाही.

इथे खरा आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बिशप लिहितात ते पत्रात राहते. प्रत्यक्षात बळी तो कान पिळी. पुरावा लांब शोधायला नको, कारण फुल्बेरला प्रश्न विचारणारा हाच विल्यम आपल्या मांडलिकाशी कसा वागला याची लेखी हकिकत उपलब्ध आहे. लुझिन्याँच्या ह्यूची ती तक्रार, साधारण याच दशकातली, ओबडधोबड लॅटिनमध्ये लिहिलेली. वाचताना हसूही येते आणि कीवही.

ह्यूचे एका बड्या सरदाराच्या मुलीशी लग्न ठरत होते. विल्यमने ते मोडायला लावले. तू ती करू नकोस, मी तुला हवे ते देईन, माझ्या मुलाखालोखाल तूच माझा, असे आश्वासन दिले. मग एक जहागीरदार वारला तेव्हा त्याची जहागीर आणि विधवा दोन्ही ह्यूला देण्याचे कबूल केले आणि दिले काहीच नाही. किल्ल्यांच्या बाबतीत तोच प्रकार. व्हिव्होन देतो म्हणाला, सिव्रेचा तुकडा दाखवला, आज देतो, उद्या देतो. सिव्रेपायी ह्यूला दुसऱ्याच एका सरदाराचा माणूस व्हायला सांगितले. ह्यू बिचकला, तेव्हा विल्यमने त्याला ऐकवले, की तू माझा इतका बांधील आहेस की मी एखाद्या शेतकऱ्याला तुझा धनी कर म्हटले तरी तू केला पाहिजेस. ‘सरंजामी निष्ठा’ म्हणणाऱ्यांना याहून सोयीचे वाक्य सापडणार नाही.

पण हकिकत तिथे संपत नाही. प्रत्येक वेळी ह्यू परत जातो आणि दिलेल्या शब्दाची आठवण करून देतो. मी तुमच्यासाठी हे हे केले, तुम्ही माझ्यासाठी काय केले, असे विचारतो. अखेर दरबारात सर्वांसमक्ष तो इमान मोडल्याचे जाहीर करतो, मात्र विल्यमचे शरीर आणि त्याचे शहर यांना हात लावणार नाही, एवढे वगळून. लढाई होते, मग तडजोड. विल्यम नात्यातल्या एकाची जुनी जहागीर ह्यूला देतो. ह्यू बाकीचे दावे सोडतो आणि पुन्हा इमानाची शपथ घेतो.

आता यातून काय सिद्ध झाले? बळ विल्यमचे होते, हे झाले. धनी खोटे बोलत, हेही झाले. पण आज्ञापालन हाच नियम असता, तर ह्यूला ही यादी करण्याचे कारण नव्हते. शब्द पाळला गेला नाही असे म्हणायला आधी शब्द पाळायचा असतो हे दोन्ही पक्षांना मान्य असावे लागते. आणि त्या बढाईखोर वाक्यानंतरही अखेर ह्यूने काय केले ते आपण पाहिले. मोडला जाणारा नियम नियम नसतो असे मानायचे असेल, तर आजची एकही राज्यघटना शिल्लक राहणार नाही.

त्रिकोणाचे काय? तो तर लगेच कोसळतो. एका मांडलिकाला दोन, तीन, चार धनी असणे ही रोजची गोष्ट होती. 13 व्या शतकात तूलचा जाँ नावाचा एक सरदार शँपेनच्या काउंटेसचा मुख्य माणूस झाला, तेव्हा आपल्या आधीच्या तीन धन्यांचे इमान राखून, असे त्याने लिहून दिले. पुढचे कलम तर वकिलाने डोके चालवून रचल्यासारखे आहे. त्या तिघांपैकी ग्राँप्रेचा काउंट स्वतःच्या भांडणासाठी काउंटेसशी लढला, तर जाँ स्वतः जातीने काउंटकडून लढेल आणि आपल्या जहागिरीपोटी देणे लागतात ते स्वार काउंटेसकडे पाठवील.

इंग्लंडचा विल्यम मार्शल याला तर राजांच्या जोडीशी गाठ घालावी लागली. 1204 मध्ये फ्रान्सच्या दुसऱ्या फिलिपने नॉर्मंडी जिंकली आणि मार्शलची तिथली जमीन फिलिपच्या हद्दीत गेली. ती राखण्यासाठी 1205 मध्ये त्याने फिलिपला हात दिले, आणि मग जॉन राजाने फिलिपवर स्वारीला चल म्हटले तेव्हा नकार दिला. जॉन खवळला. मार्शल म्हणाला, ज्याला मी बेइमान वाटतो त्याने द्वंद्वाला यावे. जॉनने उमरावांना निवाडा द्यायला सांगितले. एकही पुढे झाला नाही. दोन डगरींवर हात ठेवणाऱ्याला आपण संधिसाधू म्हणतो. त्याच्या बरोबरीच्यांना मात्र तो कायद्याला धरून वागतोय असे दिसले असावे, आणि उद्या आपल्यावरही तीच पाळी येईल हेही.

नॉर्मंडी जॉनने गमावली ती कशी, तेही याच विषयातले. 1200 मध्ये त्याने अँगुलेमच्या इझाबेलशी लग्न केले. ती लुझिन्याँच्याच घराण्यातल्या नवव्या ह्यूला देऊ केलेली होती. जॉनने या ह्यूला भरपाई दिली नाही. ह्यू मग धन्याच्या धन्याकडे गेला. फ्रान्समधल्या जमिनींपुरता जॉन हा फिलिपचा मांडलिक होता, म्हणून फिलिपने त्याला आपल्या दरबारात हजर राहायला फर्मावले. जॉन गेला नाही. 1202 मध्ये दरबाराने त्याच्या जहागिरी जप्त ठरवल्या. फिलिपला न्यायाचा पुळका आला होता असे समजायचे कारण नाही; त्याला नॉर्मंडी हवी होती. पण ती घेण्यासाठी त्याला एका मांडलिकाची फिर्याद लागली आणि समन्स बजावावे लागले.

1215 च्या मॅग्ना कार्टाची इतकी आरती ओवाळली गेली आहे, की त्यातला मजकूर कोणी वाचतच नाही. त्यातला मोठा भाग धनी आणि मांडलिक यांच्या व्यवहाराचा आहे. उमरावाचा वारस जहागिरीवर येताना राजाला जो नजराणा देतो, त्याची रक्कम 100 पौंड, जास्त नाही. सरदाराच्या पूर्ण जहागिरीला फार तर 100 शिलिंग. राजाला हक्काने मदत मागायच्या वेळा तीन: तो स्वतः कैद झाला तर खंडणीसाठी, थोरल्या मुलाला सरदारकी देताना आणि थोरल्या मुलीच्या पहिल्या लग्नाला. एरवी मागायचे तर सर्वांच्या संमतीने. आणि राजाने हे मोडले तर 25 उमरावांनी त्याचे किल्ले आणि जमिनी जप्त करून वठणीवर आणावे. फक्त राजाच्या, राणीच्या आणि मुलांच्या जिवाला धक्का लावू नये. अक्विटेनच्या विल्यमविरुद्ध उभे राहताना आधीच्या ह्यूने त्याचे शरीर वगळले होते. दोनशे वर्षांनी तेच अपवादाचे कलम राजाविरुद्ध लिहिले गेले. मांडलिकाने धन्याविरुद्ध कुठवर जायचे याची रीत इतकी मुरलेली होती. ही सनद दहा आठवड्यांत पोपने रद्द केली. आणि 1213 पासून जॉन पोपचाही मांडलिक होता.

या नात्याचे मंडन करणाऱ्यांनीही थोडे सावरून बोलावे. आरागॉनचे सरदार राजाला ‘आम्ही तुमच्या तोडीचे आहोत, हक्क पाळाल तर राजा, नाहीतर नाही’ अशा अर्थाची शपथ ऐकवत, ही गोष्ट सरंजामशाहीतल्या स्वातंत्र्याचे पोवाडे गाणारे अजून सांगतात. ती शपथ मध्ययुगातली नाहीच. 16 व्या शतकात रचली गेली. राल्फ गीझी या संशोधकाने 1968 च्या ग्रंथात तिची वंशावळ उलगडून दाखवली आहे. माझ्या बाजूचा पुरावा खरा असताना खोट्याचा आधार कशाला घ्यायचा?

इतिहासकारांचा एक आक्षेप याच्या उलट टोकाचा आहे. एलिझाबेथ ब्राउन यांनी 1974 मध्ये आणि सुझन रेनल्ड्स यांनी 1994 मध्ये जोरकसपणे मांडले, की ‘सरंजामशाही’ नावाची सबंध व्यवस्थाच मागाहून वकिलांनी आणि विद्वानांनी कल्पिलेली आहे. जागोजागच्या, वेगवेगळ्या शतकांतल्या रीती एका साच्यात ओतल्या गेल्या, हे त्यांचे म्हणणे मला पटते. मीही इथे अक्विटेन, फ्लँडर्स आणि इंग्लंड यांची उदाहरणे दिली आहेत. ती एकाच यंत्राचे भाग आहेत असे मानलेले नाही. पण ह्यूची तक्रार वकिलाने लिहिलेली नाही आणि गाल्बर्ट विद्यापीठात शिकवत नव्हता. व्यवस्था कल्पित असली तरी गाऱ्हाणे खरे होते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मुकाट मांडलिक आपल्या इतिहासातही फारसा भेटत नाही. राजाराम महाराज जिंजीला असताना औरंगजेब आणि छत्रपती दोघेही देशमुखांना वतनांची आणि इनामांची पत्रे देत होते, आणि देशमुख दोन्हीकडे भाव करत होते. वतनदारांवर रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात ओढलेले कोरडे त्या अनुभवातून आलेले आहेत. तरीही ही तुलना फार ताणू नये. धनी बदलला तरी वतन राही, आणि त्याचा तंटा गोतसभेपुढे महजर होऊन सुटे. धन्याच्या हातात हात दिल्याने ते आलेले नव्हते.

आता किंमत. अटी दोघांना लागू होत्या असे मी म्हणत आलो आहे, पण ते दोघे होते कोण? दोघेही घोड्यावर बसणारे, शस्त्र बाळगणारे, आणि दोघेही दुसऱ्याच्या नांगरावर जगणारे. बरोबरीच्यांच्या निवाड्याशिवाय माझी जमीन काढून घेऊ नका असे राजाला बजावणारा उमराव आपल्या गावातल्या भूदासाची जमीन त्याच निवाड्यावाचून काढून घेऊ शकत होता. इंग्लंडमध्ये भूदासाला जमिनीसाठी आपल्या धन्याविरुद्ध राजाच्या न्यायालयात दाद मागता येत नसे. त्याने आठवड्यातले ठरावीक दिवस धन्याच्या शेतावर राबायचे, मुलीचे लग्न करताना धन्याला पैसे भरायचे, आणि तो मेला की गोठ्यातले सर्वांत चांगले जनावर धन्याने न्यायचे. जॉनकडून मिळवलेले, बरोबरीच्यांच्या निवाड्याचे मॅग्ना कार्टातले 39 वे कलम स्वतंत्र माणसापुरते आहे, आणि त्या वेळी इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांचा फार मोठा भाग स्वतंत्र नव्हता. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि शोधूही नये.

पण अटीचे इमान ही कल्पना घोडेस्वारांच्या दारात बांधून राहिली नाही, आणि तिने वाट काढली ती सरळही नव्हती. ब्रुजची जकात माफ करायची शपथ क्लिटोने घेतली खरी, पण त्या जकातीचे उत्पन्न काही सरदारांची जहागीर होते. त्यांनी तक्रार केली, की आमच्या संमतीशिवाय आमची जहागीर माफ करायला काउंट कोण? मांडलिकाचा हक्क म्हणून ती तक्रार बिनतोड होती. काउंटने पुन्हा जकात मागितली आणि शहर उलटले. इतर शहरांशीही तो असाच वागला.

फेब्रुवारी 1128 मध्ये गेंटच्या नागरिकांनी आपले गाऱ्हाणे मांडायला आल्स्टचा सरदार इव्हान याला पुढे केले. जमावासमोर इव्हानने काउंटला त्याने मोडलेल्या शपथा सांगितल्या आणि तोडगाही सुचवला. ईप्रला दरबार भरवा. सरदार, धर्मगुरू आणि जाणती माणसे निवाडा देतील. तुम्ही काउंट राहण्यास योग्य ठरलात तर राहा, नाहीतर पद सोडा. काउंट उसळून पुढे आला. इव्हानने दिलेले हात आपण परत करतो, म्हणजे आपण दोघे बरोबरीचे होऊ आणि मग द्वंद्वात मी तुला खोटा पाडतो, असे तो म्हणाला. त्या काळी गवताची काडी फेकून इमान तोडत, आपल्याकडच्या काडीमोडीसारखेच. जमाव बिथरेल या भीतीने त्याने काडी फेकली मात्र नाही. म्हणजे धन्यालाही आपल्या माणसावर तलवार उगारण्याआधी धनीपण उतरवून ठेवावे लागत होते. इव्हानने द्वंद्व नाकारले. ईप्रची तारीख ठरली आणि काउंट तिथे सशस्त्र माणसे घेऊन गेला.

मग शहरांनी आणि सरदारांनी आल्सासचा थिएरी हा दुसरा काउंट निवडला. फ्रान्सच्या राजाने हरकत घेतली, तेव्हा ब्रुजच्या लोकांनी त्याला सांगून टाकले, की फ्लँडर्सचा काउंट निवडण्यात तुमचा काही संबंध नाही. हे बोलणारे सरदार नव्हते. त्यांत व्यापारी आणि कारागीर होते. जूनमध्ये क्लिटोने लढाई जिंकली, आणि जुलैमध्ये आल्स्टच्या वेढ्यात जखमी होऊन मेला. थिएरीने पुढे चाळीस वर्षे राज्य केले.